मशीन थांबलं की

बायको गेली त्या दिवशी डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात एक लांबलचक शब्द सांगितला. मी म्हटलं, "कळलं नाही." त्यांनी तोच शब्द पुन्हा सांगितला, जरा मोठ्याने. जणू मी बहिरा होतो. शेवटी मेहुण्याने माझा हात धरला.

"दाजी, ताईच्या पायात रक्ताची गाठ झाली होती. ती फुप्फुसात जाऊन अडकली. ताई गेली."

एवढंच होतं, तर त्या माणसाच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?

ती असती तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं. ती विज्ञानाची पुस्तकं लिहायची. शाळेसाठी नव्हे, माझ्यासारख्यांसाठी. मी शिंपी. माझी शाळा लवकर सुटली, पण 'का?' विचारायची खोड सुटली नाही.

दुकानात मी मशीन चालवायचो. ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसून लिहिलेलं मोठ्याने वाचायची. नियम एकच होता: नाही कळलं की मी पाय उचलायचा. मशीन थांबलं की ती त्या ओळीवर काट मारायची. माना डोलावणाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता. "मान खोटं बोलते," म्हणायची.

एकदा मशीन थांबलं तसं तिने ताऱ्यांवरचं अख्खं पान टराटरा फाडलं.

"अगं बये, दोरा तुटलाय!" मी ओरडलो.

"मग आधी बोलायला काय झालं होतं, मास्तर?" असं म्हणून ती तेच पान पुन्हा लिहायला बसली. पुढे किती दिवस तरी त्या दोऱ्यावरून मला टोमणे.

शेवटचं पुस्तक रक्तावर होतं. ती वाचत होती: शीर फाटली की रक्त स्वतःच रफू करतं. आधी बारीक कण भोकावर येऊन चिकटतात. मग रक्तातूनच धागे तयार होतात आणि त्यांची जाळी विणली जाते. मशीन झकास चाललं होतं. मग मी पाय उचलला.

"आता काय?"

"भोक भरलं की मी रफू थांबवतो. रक्ताला थांब म्हणून कोण सांगतं?"

ती पेन्सिल चावत बसली. "तेच लिहायचं राहिलं, अहो. उद्या सांगते."

तो उद्या दवाखान्यातच उजाडला.

नंतर संपादकबाईंनी छापण्याआधीची प्रत पाठवली. राहिलेल्या जागी कुणा प्राध्यापकाचा परिच्छेद होता. 'प्रतिक्लथनकारी प्रथिनांच्या नियमनामुळे क्लथनप्रक्रिया स्थानबद्ध राहते.' मी मशीन चालू केलं आणि स्वतःच मोठ्याने वाचलं. पहिल्याच शब्दाला पाय थांबला. तसाच उठलो, गळ्यात टेप घेऊन त्यांच्या कचेरीत गेलो.

"बसा मास्तर. चहा घेणार?"

"हे कोणी घुसडलं?"

"मोठे तज्ज्ञ आहेत ते. लेखिकाबाईंचं काम अपुरं राहू नये म्हणून आपुलकीने लिहून दिलंय."

"तुम्हाला कळलं?"

"म्हणजे काय!"

"मग सांगा मला."

बाईंनी परिच्छेद वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "म्हणजे... रक्तातच काही पदार्थ असतात, ते गोठणं आवरतात."

"मग असं लिहायला यांच्या पोटात का दुखलं? आणि आवरतात कसे? तिच्या पायात का नाही आवरलं?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "सगळंच सोपं करता येत नाही, मास्तर."

"हे तिच्यासमोर बोलायचं होतं."

"मग तुम्हीच सांगा, मी काय छापू?"

"त्या प्राध्यापकांना दुकानात पाठवा. मी मशीन चालवतो, ते वाचू देत."

"ते तुमच्या दुकानात येऊन वाचणार?"

"ती गठ्ठ्यावर बसायची. त्यांना काय गळू झालंय?"

बाईंना हसू आलं. मला आलं नाही. त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या परिच्छेदावर उभी काट मारली.

मेहुणा म्हणतो, "दाजी, आता राग सोडा." कुणावरचा सोडू? डॉक्टरवर आहे, प्राध्यापकावर आहे. उद्या सांगते म्हणून गेली, तिच्यावरही आहे.

प्राध्यापक अजून आलेले नाहीत. पुस्तक कचेरीत पडून आहे. रक्ताला थांब म्हणून कोण सांगतं, तो एक परिच्छेद लिहायचा राहिला आहे.