एक टीबी कशाला?

लॅपटॉप घेण्यात धास्तावावं असं काही नसतं. पण पातूरहून अकोल्याला येईस्तोवर चंदनची धास्ती गेली नव्हती, आणि आता दुकानात बायको शेजारी बसल्यावर ती वाढलीच होती.

"पाचशे बारा जीबी पुरते आपल्याले," तो पुन्हा म्हणाला. "हार-तोरणाचे डिझाईन किती जागा खातीन?"

"एक टीबीच पाहिजे," गीतांजली म्हणाली. "लेकीचे सारे व्हिडिओ याच्यात घ्याचे हायेत."

घोडं अडलं होतं ते इथंच. ते व्हिडिओ आता नव्हतेच. वर्षभराची लेक तापानं गेली, तेव्हा चंदनची आई शकुनबाई म्हणाली होती, "गेलेल्या लेकराचं काई घरात ठेवू नये बापा, त्याचा जीव अडकते." पाळणा गेला, झबली गेली. मग गीतांजली माहेरी भातकुलीला गेलेली असताना चंदननं शहाणपणाचा कळस केला. फोन भरला म्हणून लॅपटॉपवर टाकलेलं लेकीचं अख्खं फोल्डर त्यानं पुसून टाकलं. आईचा शब्द राहील, बायकोचं रडणं थांबेल, असं त्याला खरंच वाटलं होतं. माणूस घात करतो तो पुष्कळदा असा, मायेपोटी.

ती परतली, आणि दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉपला तिनं हात लावला नाही. बिघडला म्हणाली आणि फोनच्या एवढ्याशा पडद्यावर डोळे फोडत लग्नमंडपाचे डिझाईन काढत बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून चंदनही गप्प राहिला.

"भाऊ, आता पाचशे बारा घ्या," दुकानदार नागसेन म्हणाला. "आत दुसऱ्या डिस्कचा स्लॉट मोकळा हाये. पुढं कवाबी वाढवता येते."

"हेच तर सांगून राहिलो मी!" चंदनला हायसं वाटलं.

गीतांजलीनं पिशवीतून जुना लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला. "याच्यातले व्हिडिओ पुसल्या गेले. परत निघतीन का?"

चंदननं खुर्ची मागं सरकवली.

नागसेननं लॅपटॉप उलटा करून पाहिला. "जुनी हार्ड डिस्क हाये, याच्यातलं पुसलेलं लगेच मिटत नाई, म्हणून आशा हाये. पण पुसल्यावर याच्यावर काम केलं का? नवीन काई टाकलं की जुनं कायमचं जाते."

"पुसल्याचं समजलं तवापासून चालूच नाई केला."

"लय चांगलं केलं. मंग एक टीबीच घ्या, वहिनी. जे सापडन ते सारं दुसरीकडं उतरवा लागते, निवडता येत नाई. अन् खात्री देत नाई मी."

चंदननं बायकोकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"आली त्याच दिवशी पाह्यलं." तिनं मान वळवली नाही. "तुमी सांगसान म्हणून थांबली होती."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. चंदनला इतकी लाज वाटली, की उठून चालतं व्हावं.

"मंग त्याच्यातून शोधाले फोल्डरचं नाव काय होतं?" नागसेननं विचारलं.

गीतांजलीनं आता चंदनकडे पाहिलं. लेक गेल्यापासून घरात कोणी ते नाव घेतलं नव्हतं. नागसेन दोघांकडे पाहत राहिला.

"जुई," चंदन पुटपुटला.

"जोरानं सांगा," गीतांजली म्हणाली. "त्यायले आयकू नाई आलं."