फळ्यावरचं शून्य आणि कपाटातला ट्रे

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा ट्रे आहे आणि माणसाचं अगदी आतलं दुःख मी फार जवळून पाहिलं आहे. म्हणजे मुलं माझ्यात ओकत.

लहान मुलांचे टॉन्सिल काढतात त्या वॉर्डात माझी हयात गेली. कारखान्यात मला काजूसारखं वाकवलं ते उगाच नव्हे. त्या बाकात मुलाची हनुवटी नेमकी बसते. त्या काळी भूल उतरली की पोरं एकामागून एक ओकायची. घशातली ताजी जखम ताणली जायची, पोर कळवळायचं, आणि मोठ्या सिस्टर पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "येऊ दे राजा, लाजू नकोस. ट्रे आपलाच आहे." 'आपला' म्हणणारं कुणी आयुष्यात एकदा भेटलं तरी पुष्कळ. मला दिवसातून आठ वेळा भेटायचं.

मग नव्या भूलतज्ज्ञ बाई आल्या. त्या भूल देतानाच मळमळ थांबवणारं इंजेक्शन देऊ लागल्या. शुद्धीवर आल्यावर पाणीसुद्धा घोटघोट, घाई न करता. उलट्या ओसरल्या. चांगलंच झालं, मी काही पोरांचा वैरी नाही. पण बाईंनी आणखी एक शोध लावला. "हा ट्रे उशाशी दिसला ना, की मुलांना नुसतं बघूनच मळमळतं."

झालं! माझी रवानगी कपाटात, जुन्या चादरींच्या मागे. भिंतीवर फळा लागला : 'आज उलट्या : शून्य'. धाकट्या सिस्टर रोज सकाळी ते शून्य पहिलीतल्या मुलीसारखं जीभ चावून गिरवत. अडीच वर्षं मी कपाटाच्या फटीतून ते पाहिलं. एकटेपणा म्हणजे काय विचाराल, तर आपल्या नसण्याचा रोज जाहीर सत्कार होणं.

एका दुपारी फटीसमोरच्या खाटेवर सहा वर्षांची चिमणी होती. सकाळीच ऑपरेशन झालेलं, एका कुशीवर झोपलेली. शेजारी तिची मावशी.

"बघा हो सिस्टर, झोपेतसुद्धा कशी सारखी गिळतेय! मोकळा झाला बाई घसा एकदाचा."

"आणि एकदाही ओकली नाही," धाकट्या सिस्टर फळ्याकडे पाहत म्हणाल्या.

तोंडात घास नसताना मूल सारखं काय गिळतं, हे मला ठाऊक होतं. पण सांगणार कसं? मी म्हणजे नुसतं उघडं तोंड, आणि बोलायची सोय नाही.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर रजेचा अर्ज घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"किती वेळ गिळतेय ही?"

"अर्धा तास तरी," मावशी हसून म्हणाली.

"अहो, रक्त गिळतेय पोर! टॉर्च आण गं. ट्रे कुठाय?"

"ट्रे... तो आपण..."

"कुठाय?"

चादरी धडाधड खाली आल्या. चिमणीला उठवून बसवलं. माझा बाक तिच्या हनुवटीखाली आला. "थुंक राजा, गिळू नकोस. ट्रे आपलाच आहे."

लालभडक रक्त. बघता बघता माझा तळ दिसेनासा झाला. डॉक्टर धावले, भूलतज्ज्ञ बाई धावल्या, खाट परत ऑपरेशनच्या खोलीकडे गेली. मावशी चिमणीची एक चप्पल हातात धरून रिकाम्या जागेपाशी उभी. "मी तर कौतुक करत होते हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तासाभराने चिमणी परतली. चेहरा कागदासारखा पांढरा, पण रक्त थांबलं होतं.

म्हणून मित्रांनो, हात नाहीत तरी हात जोडून सांगतो. घरात कुणाचे टॉन्सिल काढले, तर ओकलं का एवढंच विचारू नका. झोपलेल्या पोराच्या गळ्याकडे बघत बसा. सारखं गिळत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर आधी डॉक्टरांना हाक मारा. कौतुक मागाहून करता येतं.

संध्याकाळी धाकट्या सिस्टर डस्टर घेऊन फळ्यापाशी उभ्या राहिल्या. "बाई, शून्य पुसू?"

भूलतज्ज्ञ बाईंनी बराच विचार केला. "ओकली कुठे? थुंकली."

शून्य राहिलं. मला धुऊन पुसून पुन्हा कपाटात ठेवलं. या वेळी चादरींच्या पुढे.