नमुना क्रमांक सतरा

१९९८ सालच्या मार्गशीर्षातला एक रविवार. वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावजवळच्या एका लहानशा गावी, सुमतीच्या ओसरीवर मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा मांडल्या होत्या. समोर तिची मुलगी अस्मिता मान खाली घालून बसली होती. ओठ मिटून हसायचं, हे आईनं तिच्याकडून चार दिवस आरशासमोर घोकून घेतलं होतं.

"पेपर वाचून दाखव बरं, बाई," मुलाची आत्या अनुसयाबाई म्हणाली.

दोन ओळी वाचून होताहोताच तपकिरी पट्टे पडलेले दात सगळ्यांना दिसले.

"माय वं! तंबाखू खाते का पोरगी?"

"नाई जी. लहानपणापासून तसेच हायेत," सुमती चाचरली.

"मंग खानदानीच दोष हाय म्हना!"

अस्मिताचे मामा बापूराव यांनी हातातली बशी खाली ठेवली. वर्ध्याच्या एका तंत्र महाविद्यालयात ते प्रयोगशाळा सहायक होते. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका प्राध्यापकांच्या संशोधनासाठी एक्केचाळीस गावांचं पाणी त्यांनीच बाटल्यांत भरलं होतं, त्यांनीच तपासलं होतं. या गावच्या बोअरचा नमुना सतरावा. फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट. मुलांचे दात डागाळतात, पुढे हाडंही आखडतात. शोधनिबंध छापून येईस्तोवर अवाक्षर काढायचं नाही, असं प्राध्यापकांनी बजावलं होतं. निबंध आला तो परदेशी नियतकालिकात. ते महाविद्यालयाच्या वाचनालयातही येत नसे, आणि त्यात गावांची नावं नव्हतीच, नुसते क्रमांक. नावांची वही प्राध्यापकांच्या कपाटात बंद. त्यानंतरही, वरून सांगितल्यावाचून बोलायचं नाही, या सवयीनं बापूराव गप्प राहिले. निवृत्तीला चौदा महिने होते.

"दोष खानदानाचा नाई," ते एकाएकी बोलून गेले. "बोअरच्या पान्याचा हाय. म्या सोता तपासलं."

"मंग दाखवा ना कागद!"

"कागद... कॉलेजात हाय."

"पोरगी खपवाले मामा लोक काईबी बोलतेत!" अनुसयाबाई हसली. पाहुणे पोहे तसेच टाकून उठले.

ओसरी रिकामी झाल्यावर सुमतीनं विचारलं, "दादा, कधी तपासलं तू?"

"दोन वर्सं झाले."

दाराशी सुमतीची तीन वर्षांची नात, थोरल्या लेकाची रक्षा, गडव्याला तोंड लावून पाणी पीत होती. सुमतीनं तो हिसकावून घेतला.

"दर दिवाळीले येत होता तू. ह्या लेकराच्या तोंडात हेच पानी जाताना पाह्यत होता!"

"मले मनाई होती, सुमे."

"बहिनीले सांगाले कोनाची परवानगी लागते रे?"



अस्मितानं वही आणि पेन बापूरावांपुढे ठेवलं. "लिहून द्या, मामाजी. खाली तुमचं नाव टाका."

"नोकरी जाईन, पोरी."

"आन् फक्त आपल्याच गावचं लिहू नका. सगळ्याईचं लिहा. तिकडंबी पोरी असतीनच."

सगळी नावं त्यांना पाठ होती. पहिलं नाव खोडून त्यांनी पुन्हा लिहिलं, दहाव्यापर्यंत अक्षर स्थिरावलं. सुमती पाठ फिरवून बसून होती. एक्केचाळिसावं गाव लिहून त्यांनी खाली आपलं पूर्ण नाव घातलं, तरी ती वळली नाही.