स्टिकरांखालची मी

मी एक कॅम्पर व्हॅन बोलतेय. म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच म्हणा ना. पोटात पलंग, घडीचा ओटा, शेगडी, आणि अंगावर इतकी स्टिकरं, की आपला मूळ रंग पांढरा आहे हे मीच विसरून गेले होते.

कारखान्यातून निघाले ती थेट मालकांच्या दारात आले. त्यांनी निवृत्त होताच मला घेतलं आणि मालकीणबाईंना उतारवयात गाडी शिकवायला बसले. बाई जिद्दीच्या, पण मागे घेताना सगळा रामभरोसे कारभार. कधी खांब, कधी कठडा, कधी दुसऱ्याची भिंत. धप्प झालं की मालक शांतपणे म्हणायचे, चाकाखाली दगड आला वाटतं. बाई स्वयंपाकाला लागल्या की गुपचूप खाली उतरायचे आणि माझ्या जखमेवर स्टिकर चिकटवायचे. मासा, छत्री, चंद्रकोर, हाताला लागेल ते.

बाई मात्र चारचौघांत ताठ मानेनं सांगायच्या, की माझ्या हातून गाडीला आजवर साधा ओरखडा नाही. मालक मान डोलवायचे. मी काय बोलणार? माझ्या तोंडावरही स्टिकरच होतं.

गेल्या वर्षी मालकांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. मोठ्या रस्त्यावर नेहमी तेच चालवायचे, त्यामुळे बाईंनीही हाय खाल्ली. मी अंगणात धूळ खात पडले. शेवटी लेकीनं गिऱ्हाईक शोधलं. त्याची अट एकच, सगळी स्टिकरं काढून द्या. मालक गयावया करू लागले, राहू द्या म्हणून. बाबा हळवे झालेत, असं लेकीला वाटलं.

लेकीनं केस वाळवायच्या यंत्रानं ऊब दिली, बाईंनी नखानं कडा सोडवल्या. उरलेला चिकटा खायच्या तेलानं पुसला. मला गुदगुल्या होत होत्या. मासा निघाला, खाली पोचा. छत्री निघाली, खाली हातभर ओरखडा. बाईंचे हात थांबले. मला धडकीच भरली, आता या काही पुन्हा स्टिअरिंगला शिवत नाहीत.

बाई पायरीवर बसलेल्या मालकांपाशी गेल्या. "इतक्यांदा ठोकली, आणि तरी दर वेळी किल्ली माझ्याच हातात दिलीत?"

"कळलं असतं तर तू पुन्हा बसली नसतीस," मालक म्हणाले. "आणि मला तुझ्या शेजारी बसून जायला आवडायचं."

फडक्याला हात पुसत बाईंनी लेकीला सांगितलं, गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव. मालकांना हाताला धरून आत बसवलं आणि किल्ली फिरवली. फाटकाशी खर्रकन आवाज झाला. बाई उतरल्या, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि पुन्हा येऊन बसल्या.

आता आम्ही मोठ्या रस्त्याला लागलोय. पोच्यांनी भरलेलं अंग उघडं आहे, पण मी फार आनंदात आहे. वाटेत दिसले तर एवढंच करा, जरा अंतर ठेवून चला. बाई अजून शिकतायत.