बंकटच्या उशाखालची मच्छरदाणी

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे, आणि बंकटवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

कारखान्यात मला विणलं, डास मारायच्या औषधात बुचकळलं. परळीच्या बाजारातून मला बबितानं आणलं. तिचा नवरा बंकट साखर कारखान्यात फिटर. त्याला युगांडातल्या कारखान्यात काम लागलं होतं. जाण्याआधी पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते, ती त्यानं घेतली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "ही लस मलेरियावर चालत नाही. त्यासाठी गोळ्या घ्या, मच्छरदाणीत झोपा."

बबिता मला पिशवीत कोंबू लागली, तर बंकट हसला. "आगं, पिवळा तापबी डासाचाच न्हवं? डासाची सुई घेतलीय म्या. आता चावला तर डासच मरंल!"

तिकडं गेल्यावर गोळ्या पिशवीतच राहिल्या. माझा एक कोपरा टर्रकन फाडून त्यानं यंत्राचं तेल पुसलं. उरलेल्या मला गुंडाळून उशाला घेतलं. ज्याच्यावर मी पसरायचं, तोच माझ्यावर डोकं ठेवून घोरू लागला! डास त्याच्या कानाशी गुणगुणायचे, तो झोपेत थोबाडीत मारून घ्यायचा. मला गुदगुल्या व्हायच्या. म्हटलं, चावा रे, पोटभर चावा.

मग एके दिवशी त्याला हुडहुडी भरली. अंग तव्यासारखं तापलं. तो बरळू लागला, बबिताला हाका मारू लागला. तेव्हा मात्र माझं हसू आटलं. पोरीनं किती हौसेनं मला निवडलं होतं. हा असाच गेला तर तिनं काय करायचं?

खोलीतला सोबती जीवन, सिरसाळ्याचा, त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेला. तिथं रक्त तपासलं. जीवन त्याच्यावर ओरडला, "मलेरिया हाय बे! सुई येका तापाची घेतली अन् साऱ्या तापांन्ला भीत न्हाई म्हनतो!"

थोडक्यात वाचला. जीवननं माझ्या फाटक्या कोपऱ्याला ठिगळ लावलं, मला खाटेवर टांगलं आणि बंकटला आत ढकललं.

आता तो मला घेऊन गावी आलाय. पण माझा सूड बबिता घेते. आसपासचं कुणी आफ्रिकेला निघालं, की ती त्याला नवऱ्यासमोर बसवते. "सांगा की अवो, मच्छरदाणीचं काय केलतं तुमी?" बंकट मान खाली घालून सगळं सांगतो. सांगावंच लागतं. मी एकेक शब्द चवीनं ऐकते.

मित्रांनो, दूरदेशी निघालात तर कोणती लस कोणत्या रोगाची, ते डॉक्टरांना नीट विचारा. गोळ्या चुकवू नका. आणि आम्हाला उशाला घेऊ नका, आमच्याखाली झोपा. आम्ही भांडत नाही. नुसत्या गुंडाळलेल्या पडून राहतो, बाकीचं डास बघून घेतात.