भिंतीवर उलटा टांगलेला समुद्र

मित्रांनो, माझ्या कडा फाटल्या आहेत आणि पाठीला चिंध्यांचे अस्तर आहे, तरी मी एक जुना नकाशा आहे हे मी मान ताठ ठेवूनच सांगतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा एक अख्खा जिल्हा माझ्या अंगावर आहे. उत्तरेला मच्छीमारांचे बंदर, मध्ये चिखलाची खाडी, दक्षिणेला मातीचे उंच कडे आणि त्यांच्या माथ्यावर ओळीने वसलेली गावे. मोजणीदारांनी तो जिल्हा पायी तुडवून मला काढले. माझ्यात एक विहीरही चुकलेली नाही.

१९६२ साली एका इंग्रज साहेबांच्या पेटीतून मी दुबईला, देरा भागातल्या त्यांच्या कचेरीत आलो. कचेरी सांभाळणाऱ्या कमरुद्दीनने मला भिंतीवर टांगले, तेही उलटे. तो रत्नागिरीकडचा, पूर्वी मचव्यावर खलाशी होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, पण समुद्र पश्चिमेला असतो एवढे पक्के ठाऊक होते. माझा समुद्र उजवीकडे दिसताच त्याने तो डावीकडे आणला. साहेब पोट धरून हसले. मग मला सरळ करून त्यांनी त्याला एकेक गाव दाखवले. त्यात त्यांचे लाडके गावही होते, कड्यावरच्या चर्चचे.

चार वर्षांनी साहेबांची निवृत्ती जवळ आली. त्याच गावात, कड्याच्या अगदी काठाशी, साहेबांनी पत्राने एक घर पसंत केले. आयुष्यभराची कमाई त्यात जाणार होती. घर नीट पाहता यावे म्हणून त्यांनी माझ्याच प्रमाणावर काढलेला नवा नकाशा मागवला आणि मला फेकून द्यायला सांगितले. नव्याचे नऊ दिवस, दुसरे काय! मला फार वाईट वाटले.

पण कमरुद्दीनने मला नव्या नकाशाशेजारी धरले. मचव्यावर असताना ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची बोटांनी मोजायची त्याला सवय होती. त्याने चर्चपासून समुद्रापर्यंत बोटे ठेवली. माझ्यावर तीन बसली, नव्यावर दोनच. तो साहेबांना बोलावून घेऊन आला.

साहेब म्हणाले, जुना नकाशा चुकलाच असणार.

कमरुद्दीन हळूच म्हणाला, "नया सही है, साहेब. पुराना भी सही था. तो एक उंगली जमीन किधर गया?"

साहेबांनी दोन्ही नकाशांवर स्वतःची बोटे ठेवून पाहिली. त्याच दुपारी घर नको म्हणून तार गेली. त्यांनी खाडीच्या आत, उंचवट्यावरच्या गावात दुसरे घर घेतले. दोन हिवाळ्यांनी इंग्लंडहून त्यांचे पत्र आले. काठावरचे ते घर कड्यासकट समुद्रात गेले होते.

मायदेशी जाताना साहेबांनी मला कमरुद्दीनला देऊन टाकले होते. आता मी त्याच्या खोलीत असतो. मित्रांनो, नवा नकाशा जरूर आणा, पण जुना फेकू नका. किती जमीन उरली ते नवा सांगतो, किती गेली ते त्याच्याशेजारी जुना धरल्यावरच कळते.

आणि हो, कमरुद्दीनने मला पुन्हा उलटेच टांगले आहे. आता माझा समुद्र पश्चिमेला आहे.