मोरेश्वराचं औषध

खालापूरच्या हिरामणकडे एक जुनी मॉरिस मायनर होती. साठ-पासष्ट वर्षांची विलायती गाडी, कासवासारखी पाठ आणि बेडकासारखे डोळे. मॉरिस हे नाव गावात कुणाच्या तोंडी बसेना. पोरांनी तिला 'मोरी' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा हिरामणच्या बायकोला, सुनिताला, ते काही खपलं नाही. तिने एका चतुर्थीला गाडीला जास्वंदीचा हार घातला आणि जाहीर केलं, "आजपासून हा मोरेश्वर." तेव्हापासून सगळं गाव मोरेश्वर म्हणू लागलं.

हिरामणने आयुष्यभर खोपोलीच्या एका कारखान्यात लेथवर काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर त्याने ही गाडी एका बंद बंगल्याच्या शेडमधून आणली. तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. पिल्लं बाहेर येईपर्यंत तो थांबला आणि मग इंजिन उतरवलं. त्यातला पार्ट नि पार्ट त्याच्या हाताखालून गेला होता. गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी तो अंगणात लहान पोरासारखा नाचला होता.

मग त्याच्या मुलीचं, श्रद्धाचं, लग्न ठरलं आणि मोरेश्वराच्या आयुष्यात व्याही आले.

व्याही म्हणजे कर्जतजवळच्या कोंडाण्याचे कोंडाजी. माणूस लाखात एक, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा. उभी हयात त्यांनी रसायनीच्या कंपनीत प्लांट चालवण्यात घालवलेली. रसायनावाचून जगात पान हलत नाही, अशी त्यांची खात्री होती. लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा मुलगी बघायच्या आधी त्यांनी मोरेश्वर बघितला, आणि बघताच जीव जडला.

"व्याही, पेट्रोलमध्ये औषध काय टाकता?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"काय नाय टाकत," हिरामण म्हणाला.

कोंडाजींचा चेहरा पडला. पोटच्या पोराला उपाशी ठेवल्याचं कळावं तसा. "अवो, असं कसं? पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्या शिशाची साय धरायची व्हॉल्व्हच्या बैठकीवर, म्हणून बैठक झिजत नव्हती. आता शिसं काढलं. मग या म्हाताऱ्याच्या बैठका कोण सांभाळणार? औषध पायजे!"

आणि लग्न झाल्यावर त्यांनी ते मनावरच घेतलं. दर रविवारी स्कूटरवरून यायचे, चहा व्हायच्या आधी पिशवीतून लाल औषधाची बाटली काढायचे आणि मोरेश्वराच्या टाकीत ओतायचे. वर गाडीच्या पाठीवर थाप. "पी राजा, पी."

हिरामण दारात उभा राहून बघायचा. आतून तो धुमसायचा. कारण कोंडाजींचं म्हणणं खोटं नव्हतं, पण मोरेश्वराला ते लागू नव्हतं. इंजिन खोललं तेव्हा हिरामणने स्वतः लेथवर कडक पोलादाच्या रिंगा कातून व्हॉल्व्हच्या बैठकांत बसवल्या होत्या. आता शिसं असो नसो, मोरेश्वराला फरक पडणार नव्हता. एवढं एक वाक्य सांगितलं की विषय मिटला असता. पण त्याने तोंड उघडलं की सुनिताचे डोळे मोठे व्हायचे.

"मुलाकडचे हायेत ते," व्याही गेल्यावर ती म्हणायची. "गाडीत औषधच ओततात ना? इख तर नाय ओतत? आपली पोर त्यांच्या घरात नांदते. नाय बोलायचं."

आणि हिरामण बोलायचा नाही. "बरं व्याही," "हो व्याही," "तुमी म्हणाल तसं व्याही." मुलीच्या बापाने वाकायचं असतं, हे त्याने आपल्या बापाकडून पाहिलेलं. पण दर रविवारी ती बाटली रिकामी होताना आपल्याच हातचं काम आपणच नाकारतोय, असं त्याला वाटायचं. रात्री ताटावरून अर्धपोटीच उठायचा.

अशात दिवाळी आली. श्रद्धा माहेरी आली. जावयाचा पहिला दिवाळसण. सुनिताने महिनाभर आधी तयारी धरली होती. आणि जावयाचाच फोन आला. मनोज माथेरानला एका हॉटेलात कामाला होता. दिवाळीत माथेरान पर्यटकांनी फुललेलं. एकही खोली रिकामी नाही आणि सुट्टीचं नाव काढायची सोय नाही. फार तर पाडव्याच्या दुपारी तासभर मोकळीक मिळेल, तो म्हणाला.

 श्रद्धा अंगणात जाऊन कंदिलाची शेपटी सारखी करत बसली. ते पाहून हिरामण म्हणाला, "जावई दिवाळसणाला येत नसेल, तर दिवाळसण जावयाकडं जाईल. मोरेश्वर काढतो. दस्तुरी नाक्यापर्यंत गाडी जाते, पुढं माथेरानात गाड्यांना बंदी. मनोज तिथं उतरून येईल."

"घाट चढेल?" सुनिताने विचारलं.

"माझ्या हातचं इंजिन हाय," हिरामण म्हणाला. आणि मग, पोराला बघायला त्याच्या आईबापाचाही जीव तुटत असेल, हे आठवून त्याने व्याह्यांनाही फोन लावला.

पाडव्याच्या सकाळी मोरेश्वर झेंडूची माळ घालून निघाला. कर्जतला कोंडाजी आणि त्यांची बायको जयवंता रस्त्यावर वाट बघत उभे होते. कोंडाजी पुढे बसले, मागे दोन विहिणी आणि दाराशी श्रद्धा, तिघींच्या मांडीवर फराळाचे डबे. करंज्यांचा डबा कुणाच्या हाती सुरक्षित राहील यावर विहिणींचं आधी थोडं वाजलं, मग दोघींनी मिळून तो श्रद्धाच्या मांडीवर दिला.

"सकाळी औषध टाकलंत?" कोंडाजींनी बसल्या बसल्या विचारलं.

"गडबडीत राहिलं, व्याही."

"राहिलं!" कोंडाजींनी कपाळाला हात लावला. "आज घाट, आणि आजच राहिलं!"

नेरळ मागे पडलं आणि घाट लागला. पहिली वळणं मोरेश्वराने गाणं म्हणत काढली. दोन्ही अंगांना गवत सोन्यासारखं वाळलेलं, खाली नेरळची कौलं बारीक होत चाललेली. हिरामणच्या छातीत इंजिनाबरोबर काहीतरी घुमत होतं. पहिल्या गिअरमध्ये तो एक-एक वळण असं घेत होता, जणू लेकीला झोपाळ्यावर बसवून झोका देतोय.

अर्ध्याच्या वर गेल्यावर मोरेश्वर एकदा खोकला. मग दोनदा. मग एका चढाच्या वळणावर त्याने शेवटचा आचका दिला आणि गप्प झाला.

हिरामणने हँडब्रेक ओढला, श्रद्धाने उडी मारून चाकामागे दगड लावला. कोंडाजी तर उतरून मागे पोचलेसुद्धा होते. पिशवीतून बाटली निघाली, टाकीचं झाकण निघालं, लाल औषध आत गेलं.

"सांगत होतो मी! बैठका गेल्या असणार! बघा आता कसा उठतो ते!"

हिरामणने बॉनेट उघडलं. पेट्रोलचा उग्र भपका नाकात गेला. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी उकडलेल्या शेवग्यासारखी लिबलिबीत होऊन चिरली होती, आणि तिच्यातून थेंब थेंब पेट्रोल खाली पडत होतं, अगदी तापलेल्या एक्झॉस्टच्या कडेला. चावी फिरली की पंप चालू होणार आणि पेट्रोलची धार तिथेच पडणार, हे त्याच्या डोक्यात येईपर्यंत त्याला बॉनेटच्या कडेने दिसलं, व्याही ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते आणि त्यांचा हात चावीकडे चालला होता. मागे दोन बाया बसलेल्या.

"अरे ए कोंड्या!" हिरामण असा ओरडला की घाटातली माकडं झाडावर चढली. "हात लाव चावीला, तंगडी मोडून ठेवीन! उतर खाली! सगळी उतरा आधी!"

सगळी उतरली. 

सुनिताने पदर तोंडात धरला होता. श्रद्धा बापाकडे आणि सासऱ्याकडे आळीपाळीने बघत होती. आपण काय बोललो ते हिरामणच्या आता ध्यानात आलं. व्याह्याला अरे-तुरे. ऐन दिवाळसणाला. तंगडी मोडायची भाषा.

कोंडाजी पुढे आले. नळी बघितली, खालचा ओला डाग बघितला, आपला हात बघितला. मग हळूच म्हणाले, "कोंड्या म्हणालास."

"व्याही, चुकलं माझं, तोंडून..."

"माझा थोरला भाऊ म्हणायचा. तो गेल्यावर मला कोणी कोंड्या म्हणलंच नाय रं. सगळे आपले कोंडाजीराव, कोंडाजीराव." त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. "तंगडी मोडीन पण तोच म्हणायचा."

जयवंता विहिणीला मग हसू आवरेना. "आगं बाई, बरं झालं! घरात मी म्हणू शकत नाय, कुणीतरी म्हणायला पायजे हुतं!" ती रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून डोळे पुसू लागली, आणि सुनिताच्या तोंडातला पदर सुटला.

कोंडाजींनी नळी बोटांत धरून दाबली, वास घेतला. आता ते पुन्हा प्लांटवरचे कोंडाजी झाले. "हे औषधाचं नाय आणि बैठकीचंही नाय. हल्ली पेट्रोलमध्ये स्पिरिट, ते इथेनॉल, मिसळतात. जुन्या रबराला ते खाऊन टाकतं. आमच्या प्लांटला स्पिरिटच्या लाईनवर असला रबर लावूच द्यायचे नाय. माझ्या डोक्यात यायला पायजे हुतं हे. मी आपला शिसं शिसं करत बसलो."

"आणि माझ्याही," हिरामण म्हणाला. "सगळं लोखंड नवं केलं, आणि नळी तेवढी जुनीच ठेवली."

खालून नेरळची टॅक्सी आली. ड्रायव्हर कमळ्या ओळखीचा निघाला. त्याच्या डिकीत नव्या जातीच्या नळीचा हातभर तुकडा होता. इंजिन पुरतं थंड होईस्तोवर सगळ्यांनी कठड्यावर बसून चकल्या खाल्ल्या. कमळ्यानेही खाल्ल्या. मग हिरामणने नळी कापून बसवली, कोंडाजींनी पट्ट्या आवळल्या, खाली पडलेलं पेट्रोल माती टाकून कोरडं केलं. चावी या वेळी हिरामणने फिरवली. मोरेश्वर खाकरला आणि उठला.

"आता एक सांगतो," पुढच्या वळणावर हिरामण म्हणाला. त्याला राहवलंच नाही. "त्या बैठकांत मी कडक पोलादाच्या रिंगा बसवल्यात. स्वतः कातल्यात. तुझ्या औषधाची याला कवाच गरज नव्हती."

कोंडाजी वळून बघत राहिले. "मग इतके रविवार बोलला का नाय?"

"तुमी मुलाकडचे."

"हात्तिच्या मारी!" कोंडाजी म्हणाले. "अरे, इतक्या बाटल्या! तेवढ्यात आमी दोघं गोव्याला जाऊन आलो असतो!"

"अजून जाऊ," मागून जयवंता म्हणाली. "व्याह्यांच्या गाडीतून जाऊ."

दस्तुरीला मनोज हॉटेलच्या गणवेशातच उभा होता, घोड्यांच्या गर्दीत टाचा उंचावून. मोरेश्वर शेवटच्या वळणावर दिसला आणि तो पळतच आला. गाडीच्या बॉनेटवर टॉवेल अंथरून सुनिताने ताट मांडलं. वाऱ्याने निरांजन राहीना, तेव्हा घोडेवाल्यांनी भोवती आडोसा धरला. श्रद्धाने पाडव्याचं ओवाळलं. मनोजने ओवाळणीत तिला आपल्या हातात असलेली एक वस्तू दिली, ती काय होती हे तिने कुणालाच दाखवलं नाही, मुठीतच धरून ठेवली आणि लाल झाली. करंज्या आडोसा धरणाऱ्यांतही वाटल्या गेल्या. एका घोड्यानेसुद्धा एक करंजी खाल्ली, सुनिताच्या हातून, न विचारता.

तास भुर्रकन गेला. मनोज वर निघाला तेव्हा श्रद्धा गेटपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेली आणि हसत परत आली. हिरामणला तेवढंच बघायचं होतं.

उतरताना पुढच्या दोन सीटवर मोठा वाद पेटला. मोरेश्वराला कोणतं इंजिन ऑइल घालावं, दाट की पातळ. कोंडाजी पातळवाले निघाले.

"तुला काय कळतंय रं कोंड्या! जुन्या इंजिनात पातळ ऑइल म्हणजे चाळणीत ताक!"

"आणि तुझं दाट ऑइल थंडीत वर चढंल का? गुळाची काकवी हाय ती!"

हिरामणला एवढं मोकळं कधी वाटलं नव्हतं. तो भांडत होता, हातवारे करत होता आणि मधूनच सुनिता ओरडत होती, "स्टेअरिंग धरा!" कर्जत आलं, कर्जत गेलं. ऊन कलंडून डोंगराआड चाललं होतं. पळसदरीपाशी जयवंताने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि नवऱ्याच्या खांद्याला हात लावला.

"अवो, आपला फाटा मागंच राहिला."

"राहू दे," कोंडाजी मागे न बघताच म्हणाले. "आधी याला ऑइलचं पटवतो. जेवायला काय हाय गं विहीणबाई, तुमच्याकडं?"